पन्नासची रेघ

मे महिना, रात्रीचे अकरा, हनुमाननगर.
कूलर बंद करायला लावला तौसीफनं,
म्हणाला, "सर, हा पंखा ग्राफमध्ये येऊन राहिला."
वाळ्याचा ओला वास तेवढा उरला खोलीत
आणि दिवसभर सेहेचाळीस अंश पिऊन बसलेली भिंत.

टेबलावर तीन डबे.
एक माझा, ब्याऐंशी सालचा,
आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये बिस्किटाच्या पत्र्यात बसवलेला,
झाकणावर अजून अर्धं फूल.
एक इतवारीतला, काळा, उगाच निळा दिवा लावणारा.
आणि एक तौसीफचा, बॅटरीवर चालणारा,
किंमत त्याच्या पगाराच्या दीडपट.

तिघांचं काम एकच.
सुईच्या टोकाशी व्होल्टच्या हजारांशातली जी कुजबुज होते
ती कानापर्यंत मोठी करून आणायची
आणि वाटेत आपलं काही घालायचं नाही.
वाटेत आपलं काही न घालणारा
मी तरी अजून पाहिलेला नाही.

आधी सुई उचलून धरली.
स्क्रीनच्या तळाशी गवतासारखी खरखर
आणि गवतातून ताठ उभी एक रेघ, पन्नासवर.
शंभरवर तिची बहीण, दीडशेवर धाकटी.
माझ्या डब्यात सगळ्यात उंच.
"ही कोराडी, सर."
खरंच की. तिकडे राखेच्या ढगाखाली
सेकंदाला पन्नास फेरे घेत जे फिरतं
ते इथे बिस्किटाच्या डब्यात बोलतं.
चाळीस वर्षं मी त्यालाच शांतता समजत आलो.

उणे एकसष्ट. उणे सत्तर. उणे एक्क्याऐंशी.
माझा आकडा लिहिताना पोरगा अडखळला.
म्हटलं, लिही,
तुलाही कधी वाढवून दिले नव्हते मी मार्क.

मग रेकॉर्ड.
साखरूबाई निनावे, खडी गंमत,
रविवारच्या बाजारात नव्वद रुपयांना,
कव्हरवर आधीच्या मालकाचा किराणा:
जवस पाव किलो, तूरडाळ, राहिले सव्वादोन.
सुई पहिल्या रिकाम्या खाचेत टेकली
आणि तिघांचं गवत सारखंच वाढलं, गुडघाभर.
धूळ, ओरखडे, कुणाचं तरी घामेजलं बोट.
सत्तरवाला कोण, एक्क्याऐंशीवाला कोण,
काही ओळखू येईना.
माझी रेघ तेवढी वर,
लग्नाच्या फोटोत उंच मामा दिसावा तशी.
तौसीफ गप्प. दीडपट आठवत असावा.

तिसरा डबा जोडलेला असताना, अकरा चाळीसला,
गल्लीतून ओरड आली, "लाईन गेलीऽ!"
आणि स्क्रीनवरचीही गेली.
पन्नासवर नुसतं गवत.
लॅपटॉप जिवंत, बॅटरीवाला जिवंत,
शेजारचे कूलर एकेक करून थांबले,
तबकडी थकत गेली,
साखरूबाईचा पुरुष झाला, मग म्हैस,
मग नुसती गुरगुर.

"बोटानं फिरवा ना सर."

सुई पुन्हा काठाला ठेवली.
ढकलत राहिलो अंदाजानं,
हेडफोनचा एक कान त्याला, एक मला.
रिकामी खाच. टिक. एक फेरा. टिक.
आणि गाणं यायच्या फेराभर आधी
फार लांबून, जणू दुसऱ्या मोहल्ल्यातून,
ढोलकीवरची पहिली थाप आली,
पलीकडच्या खाचेनं भिंतीतून ऐकवलेली.
मग फेराभर काही नाही.
मग ती, खरी.

"ऐकलं?"
"हाव."
"मोजता येईल हे?"
"बोटाच्या वेगाला आकडा कुठून आणू, सर?"

मेणबत्ती सापडेना, मोबाईलच्या उजेडात
त्यानं वहीत तिसऱ्या ओळीपुढे लिहिलं:
११.४०, लाईन गेली.
खाली मी, पेन्सिलीनं:
एक थाप, आधी.